संमीलनाची वीज आणि रात्रीचे पाणी

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील शेतकऱ्याला घोड आणि भीमेच्या पाण्याइतकेच विजेचे वेळापत्रकही पाठ असते. ज्या आठवड्यात कृषिपंपाची पाळी रात्रीची, त्या आठवड्यात हाती बॅटरी घेऊन उसात दारे धरावी लागतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत बालकांचाही बळी गेला. त्यानंतर रात्रीच्या पाळीचा अर्थ कोणास समजावून सांगण्याचे कारण उरलेले नाही. अशा ठिकाणी पृथ्वीवर सूर्य पेटविण्याच्या वार्ता आल्या, तर त्या थट्टेच्या विषय व्हाव्यात हे साहजिकच होय. तथापि ही थट्टा काहीशी घाईची आहे.

तारापूरला १९६९ पासून वीज मिळते ती जड अणुकेंद्र फोडून. संमीलनाची रीत याच्या उलट आहे. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची दोन भावंडे. त्यांची केंद्रके एकत्र आली की हेलियम व एक न्यूट्रॉन निर्माण होतो, वस्तुमान किंचित घटते आणि त्या तुटीची ऊर्जा होते. अडचण अशी की ही केंद्रके परस्परांना दूर लोटतात. ती जुळावीत यासाठी सुमारे १५ कोटी अंश सेल्सियस तापमान लागते. सूर्याच्या गाभ्याच्या दसपट. इतका तप्त प्लाझ्मा धरील असे भांडे नाही, म्हणून त्याला चुंबकीय क्षेत्रात तरंगत ठेवावे लागते. ड्यूटेरियम समुद्राच्या पाण्यात विपुल आहे. ट्रिटियम मात्र लिथियमपासून घडवावे लागते. साखळी प्रक्रिया हाताबाहेर जाण्याचे भय येथे नाही. भट्टीच्या भिंती किरणोत्सारी होतात, हे मात्र लपविण्यात अर्थ नाही.

१९५५ च्या जिनिव्हा परिषदेचे अध्यक्ष डॉ. होमी भाभा यांनी ही ऊर्जा दोन दशकांत माणसाच्या ताब्यात येईल असे भाकीत केले होते. दोन दशके केव्हाच लोटली. ५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील लिव्हरमोर प्रयोगशाळेत २.०५ मेगाजूल लेसर-ऊर्जेच्या मोबदल्यात ३.१५ मेगाजूल ऊर्जा मिळाली आणि जगभर जल्लोष झाला. पण ते लेसर चालविण्यासाठी सुमारे ३०० मेगाजूल वीज खर्ची पडली होती! वाणिज्य शाखेचा विद्यार्थीही या जमाखर्चाला नफा म्हणणार नाही. फ्रान्समधील ‘आयटर’ प्रकल्पात खऱ्या इंधनावरचे प्रयोग आता २०३९ मध्ये अपेक्षित आहेत.

मग भारताने त्यात सुमारे नऊ टक्क्यांचा वाटा का उचलावा? एक तर हा वाटा मुख्यतः यंत्रसामग्रीच्या रूपाने जातो. आयटरचे सुमारे ३८५० टनांचे क्रायोस्टॅट हे प्रचंड निर्वात पात्र हजिऱ्याच्या कारखान्यात घडले. ते कसब देशातच राहिले. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘आदित्य’ १९८९ पासून उभा आहे. दुसरे कारण घराजवळचे आहे. रांजणगाव व कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती आणि दौंड जंक्शनवरील गाड्या सूर्यास्ताबरोबर थांबत नाहीत. कोळसा सोडायचा तर रात्रंदिवस अखंड वीज देणारे काही तरी हवे, आणि त्याचा शोध आजच चालू ठेवणे शहाणपणाचे ठरते. ती वीज स्वस्त असेलच असे नाही. इंधन जवळजवळ फुकट आणि भट्टी राजाच्या हत्तीसारखी, असा हा मामला आहे.

कृषिपंपाचे गणित मात्र निराळे आहे. त्याला वीज हवी ती दिवसा, म्हणजे आकाशातील संमीलनाची भट्टी डोक्यावर असतानाच. तिच्यासाठी २०३९ ची वाट पाहण्याचे प्रयोजन नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला. आयटरचे वेळापत्रक लांबले तेव्हा नव्या तारखा जगापुढे मांडण्यात आल्या. शिरूर-दौंडमधील कोणत्या वाहिनीवर कोणत्या महिन्यापासून सर्व पाळ्या दिवसाच्या होणार, हे त्याच रीतीने प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजे. आणि तारीख चुकली, तर तिचे कारणही तेथेच लिहिले गेले पाहिजे.