परक्या गावातील आपली माणसे

उन्हाळ्याची सुट्टी आजोळी आणि दिवाळीची सुट्टी आपल्या घरी, ही वाटणी आपल्या कुटुंबांत पूर्वापार चालत आलेली आहे. नाताळच्या सुट्टीवर मात्र कोणाचाच विशेष हक्क नव्हता. ती लहान, थंडीतली, आणि सहामाही परीक्षेचे पेपर तपासून होईतो संपून जाणारी. अलीकडे या सुट्टीला एक नवा धनी मिळाला आहे. मावशी दुबईस, काका लंडनला, आतेभाऊ अमेरिकेत, अशी घरे इंदूरच्या मराठी वस्तीत आता विरळा राहिली नाहीत. २०१९ च्या जुलै महिन्यात आपल्या देवी अहल्याबाई होळकर विमानतळावरून दुबईचे पहिले थेट विमान सुटले, आणि परदेश म्हणजे आधी मुंबई-दिल्ली गाठणे, ही जुनी समजूतही मोडली. साहजिकच, नाताळात परदेशी नातेवाइकांकडे जाणे हे शिक्षण की केवळ मिरवणे, असा प्रश्न पालकांच्या बोलण्यात वारंवार येऊ लागला आहे. त्यासंबंधी माझे मत येथे मांडण्याचे योजिले आहे.

माझे मत थोडक्यात असे : बोलावणे आले आणि ऐपत असली तर अवश्य जावे, परंतु जाणाऱ्याने घरचे माणूस होऊन जावे. जो केवळ शहर पाहण्यास जातो, त्याने नातेवाइकांच्या घरी उतरू नये हे बरे.

आता परके शहर म्हणजे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. आपण ते समजतो तितके सोपे नाही. माझी मातृभाषा कोकणी. म्हणून पहिले उदाहरण गोव्याचे घेते. १९६१ सालापर्यंत पणजी हे परदेशी शहर होते. १९५५ च्या १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीज शिपायांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. आपल्या उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ त्या सत्याग्रहात हुतात्मा झाले. सागरच्या सहोदराबाई राय गोळी लागून जखमी झाल्या. त्यानंतर कॅसलरॉकवरून मुरगावकडे जाणारी आगगाडी बंद पडली आणि येण्याजाण्यावर कडक निर्बंध आले. मुंबईत गिरणीत, बोटीवर वा कचेरीत नोकरी करणाऱ्या गोमंतकीयाला आपल्या आईस भेटणे हा परराष्ट्रीय व्यवहार होऊन बसला. पुढे १९६१ च्या १८ डिसेंबरला भारतीय सैन्य गोव्यात शिरले आणि १९ तारखेस पोर्तुगीज गव्हर्नरने शरणागती पत्करली. त्यानंतर सहाव्या दिवशी नाताळ आला. त्या नाताळात पणजी परदेशी राहिली नव्हती. उलट तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक गोव्यातच युद्धकैदी म्हणून छावण्यांत होते. १९६२ च्या मे महिन्यात ते मायदेशी परतले. आठवड्यापूर्वी जे शहर ते आपले म्हणत होते, ते त्यांना परके झाले होते.

याच्या अगदी उलट उदाहरण कराचीचे. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. नोकरी-व्यवसायानिमित्त अनेक मराठी कुटुंबे कराचीस जाऊन राहिली होती. सिंधच्या शिक्षणखात्यात काम केलेल्या नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची, १८५५ साली निघालेली शाळा त्या शहरात आजही उभी आहे. १९४७ च्या ऑगस्टात तेच कराची परदेश झाले. आणि आपले इंदूर? १९४८ साली मध्य भारतात विलीन होईपर्यंत हे होळकरांचे संस्थान होते. पुण्याचा पाहुणा इंदूरला येई तो ब्रिटिश मुलूख सोडून होळकरांच्या हद्दीत येई, आणि महूच्या छावणीत गेला की पुन्हा इंग्रजांच्या अमलाखाली जाई! तात्पर्य, शहरे जागची हलत नाहीत, सीमा हलतात. सीमेच्या पलीकडे राहिलेले मामा-मावशी मात्र मामा-मावशीच राहतात. हे ज्याला कळले, त्याला पासपोर्टाचा गर्व होणार नाही आणि परदेशाचे अवाजवी अप्रूपही वाटणार नाही.

गोव्याची गोष्ट १९६१ मध्ये संपली नाही. पोर्तुगालने भारताचे गोव्यावरील सार्वभौमत्व १९७४ च्या अखेरीस झालेल्या कराराने मान्य केले. तथापि, मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळण्याची वाट त्या देशाच्या कायद्याने मोकळी राहिली. या वाटेने हजारो गोमंतकीय लिस्बनला आणि तेथून इंग्लंडात गेले. आपल्या देशात दुहेरी नागरिकत्व नाही. त्यामुळे एकाच आजीच्या नातवंडांत एकाचे पारपत्र निळे तर दुसऱ्याचे तांबडे, असा प्रकार झाला. आज लिस्बनच्या भावाला आजीकडे यावयाचे तर हिंदुस्थान सरकारची अनुमती लागते आणि आपल्याला त्याच्याकडे जावयाचे तर युरोपचा व्हिसा लागतो. तरीही नाते राहते. अंतोनियो कॉस्ता हे २०१५ ते २०२४ पर्यंत पोर्तुगालचे पंतप्रधान होते. त्यांचे वडील, लेखक ओर्लांदो द कॉस्ता, यांचे घराणे मडगावचे. २०१७ च्या जानेवारीत कॉस्ता भारतभेटीस आले तेव्हा ते मडगावच्या वडिलोपार्जित घरी आप्तांना भेटण्यास गेले. एका राष्ट्राच्या प्रमुखालाही ती भेट राजकारणाच्या धामधुमीत टाळावीशी वाटली नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मी स्वतः एका नाताळात लिस्बनला मामांच्या घरी राहिले आहे. म्हणून पुढील गोष्टी ऐकीव नाहीत. तेथील डिसेंबर म्हणजे इंदूरच्या पौषातील थंडी आणि भरीला पाऊस. बऱ्याच घरांत ऊब देण्याची सोय नसते. बाहेरून आल्यावर कोट काढावा की न काढावा, असा संभ्रम पडतो. पाच वाजून गेले की अंधारू लागते. शहर अर्थातच प्रेक्षणीय आहे. तेजो नदीकाठचा बेलेंचा बुरूज, जेरोनिमुशच्या मठातील वास्को द गामाची समाधी, १७५५ च्या भूकंपानंतर नव्याने आखलेले सरळ रस्ते, हे सर्व पाहण्याजोगे आहे. ज्या मनुष्याने १४९८ मध्ये कालिकतचा किनारा गाठला, त्याच्या समाधीपुढे उभे राहिलेल्या हिंदी विद्यार्थ्याला आपला इतिहास निराळ्या बाजूने दिसतो, यात संशय नाही. परंतु एवढे पाहण्यास दोन दिवस पुरतात, आणि ते कोणत्याही प्रवाशाला दिसते.

प्रवाशाला जे दिसत नाही ते घरात असते. चोवीस डिसेंबरच्या रात्री तेथे दुकाने लवकर मिटतात, रस्ते ओस पडतात आणि कुटुंबे जेवणास एकत्र बसतात. या जेवणास ‘कोन्सुआद’ म्हणतात. वाळवलेला बाकल्याव मासा, उकडलेले बटाटे आणि कोबी, असा तो साधा बेत. गोव्यात हाच शब्द नाताळच्या फराळाच्या तबकास लावतात. नेवऱ्या, दोदोल, बेबिंक घातलेले ते तबक शेजाऱ्यांच्या घरी, हिंदूंच्या घरीही, जाते. एकाच शब्दाचा अर्थ एका देशात घरच्यांनी एकत्र जेवणे आणि दुसऱ्या देशात शेजाऱ्याला वाटणे! हा फरक मला कोणत्याही पुस्तकाने सांगितला नव्हता. तो मामींच्या स्वयंपाकघरात कोबी चिरताना समजला. तेथेच आणखी एक गंमत ध्यानात आली. पोर्तुगीज भाषेत कोबीला ‘कोव्ह’, बटाट्याला ‘बटाटा’, पावाला ‘पांव’, किल्लीला ‘शाव्ह’ म्हणतात. आपले पगार, घमेले, लिलाव, अननस हे शब्दही त्याच बोटींतून उतरले. आणि आपले हिंदी शेजारी ज्याला ‘बडा दिन’ म्हणतात, त्याला आपण ‘नाताळ’ म्हणतो, तो शब्दही तिकडचाच. परक्यांची भाषा आपल्या ओट्यावर चारशे वर्षे नांदत आहे.

घरात आणखीही काही दिसते, आणि ते इतके गोड नसते. परदेशी नातेवाईक सुखासीन असतात, ही आपली समजूत घरात चार दिवस राहिले की विरते. घर दोन खोल्यांचे. घरभाडे मिळकतीचा मोठा भाग खाऊन टाकणारे. धुणीभांडी, केर, बाजार सर्व आपल्या हातांनी. वहिनी रुग्णालयात नोकरीस. सणाच्या रात्रीही तिची पाळी चुकली नाही. आपण पाठविलेल्या छायाचित्रांखाली ‘मजा आहे बुवा!’ असे जे लिहितो, ते किती उथळ असते, हे तेव्हा उमगते. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, अशा घरी जाल तेव्हा आपली गादी आपण घाला, आपले ताट आपण विसळा आणि ‘मला अमुक दाखवा’ असा हट्ट धरू नका. ‘पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’ ही आपल्या पूर्वजांची म्हण निष्ठुर खरी. पण तिसऱ्या दिवसापासून जो घरकामास हात लावतो, त्याला ती लागू पडत नाही.

आता मुख्य मुद्दा सांगते. मामांच्या नातवंडांना कोकणी समजते. उत्तर मात्र ती पोर्तुगीजमध्ये देतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. शाळा, मैदान, दूरचित्रवाणी, सर्व त्याच भाषेत. घरातील मोठ्यांनाही ती येते. मग कोकणी बोलण्याचे कारण काय? भाषा प्रेमाने टिकते असे आपण म्हणतो. ती वास्तविक गरजेने टिकते. जिच्यावाचून अडेल असे एक तरी माणूस समोर असावे लागते. मला पोर्तुगीज येत नव्हते, मुलांचे इंग्रजी बेताचे होते. तेव्हा पत्त्यांचा डाव मांडावयाचा तर कोकणीवाचून गत्यंतर उरले नाही. पाचव्या दिवशी त्यांतील धाकटा मुलगा आपल्या पणजीशी दूरध्वनीवर दोन वाक्ये अडखळत का होईना, पण बोलला. पलीकडे गोव्यात म्हातारी किती वेळ गप्प होती, हे मी सांगत नाही. परदेशी भावंडांना आपण चिवडा आणि लाडू नेतो. परंतु त्यांना मिळू शकणारी सर्वांत मोठी भेट म्हणजे त्यांच्या नव्या भाषेविषयीचे तुमचे अज्ञान! लंडनच्या वा दुबईच्या भावाशी इंग्रजीत फाड्‌फाड् बोलून तुम्ही ती भेट स्वतःच हिरावून घेऊ नका. आठ दिवस मराठीतच बोला, चुकले तर हसू नका, आणि परत आल्यावर पत्र लिहा.

हे इंदूरकरांना कोणी वेगळे सांगावयास नको. आपण तरी येथे कोण? मल्हाररावांच्या काळापासून मराठी कुटुंबे दख्खन सोडून माळव्यात आली, म्हणजे आपण सारेच कोणाचे ना कोणाचे परगावी राहिलेले नातेवाईक आहोत. रस्त्यावर हिंदी, बाजारात माळवी आणि तरीही घरात मराठी, हे जे तीनशे वर्षांच्या आसपास टिकले, त्यात पुण्या-साताऱ्याहून येणाऱ्या सुना, लग्नकार्ये आणि सुट्टीत येणारे मामेभाऊ यांचा वाटा लहान नाही. जे आपल्यासाठी त्यांनी केले, तेच आता आपण लिस्बनच्या वा दुबईच्या भावंडांसाठी करावयाचे आहे.

एक आक्षेप उरतो, आणि तो खोटा नाही. ही चर्चा ज्यांना परवडते त्यांचीच, बाकीच्यांनी काय करावे? विमानाच्या एका तिकिटात एखाद्या घराचे कित्येक महिन्यांचे वाणसामान येईल. कर्ज काढून, किंवा धाकट्या भावंडाच्या शिक्षणाचे पैसे मोडून नाताळची वारी करणे मला मुळीच मान्य नाही. तसेच, परत आल्यावर वर्गात चॉकलेटे वाटून आणि छायाचित्रे दाखवून जो इतरांना खिन्न करतो, तो परदेशात काहीच शिकला नाही, असे मी खुशाल म्हणेन. परंतु वर सांगितलेल्या गोष्टींपैकी किती गोष्टींना विमान लागते? देवासच्या आत्याकडे, बऱ्हाणपूरच्या काकांकडे जाऊन स्वयंपाकघरात बसता येते, ताट विसळता येते, त्या घरची निराळी चालरीत आणि निराळे शब्द टिपून आणता येतात. आणि ज्यांना कोठेच जाता येत नाही, त्यांच्याकडे परदेशची भावंडे येतातच की! तेव्हा त्यांना सराफ्यात नेऊन आणि पोहे-जिलबी खाऊ घालून न थांबता, आजीच्या शेजारी बसवा आणि तिला तिच्या लहानपणचे गाव विचारा. मधला दुभाषी तुम्ही व्हा.

सीमा कोठे असावी, हे ठरविणे तुमच्या-माझ्या हाती नव्हते व पुढेही नसेल. १९५५ साली मुंबईत अडकलेल्या गोमंतकीयांना घरी जावयाचे होते आणि वाट बंद होती. आज वाट मोकळी आहे. तिकीट आहे, व्हिसा आहे, घरात जागा आहे, आणि आपण जातो ते दुकाने पाहण्यास! वाट मोकळी आहे तोवर माणसांना भेटून घ्यावे, त्यांच्या मुलांशी आपल्या भाषेत बोलून घ्यावे. पणजीला दोन वाक्ये ऐकावयाची असतात, आणि ती फार काळ वाट पाहू शकत नाही.