‘ती काय, खडशांची सून!’

खानदेशात बायकांच्या बैठकीत राजकारणाचा विषय निघाला, की रावेरच्या खासदारांचं नाव येतं आणि पाठोपाठ ठरलेलं वाक्य : ‘ती काय, खडशांची सून!’ आपल्या कार्यकर्त्याही हेच म्हणतात. मला ते खटकतं.

म्हणणं खोटं नाही. रक्षा खडसे २०१० साली कोथळीच्या सरपंच झाल्या, २०१२ साली जिल्हा परिषदेवर गेल्या, त्या एकनाथ खडसेंच्या घरातून. २०१३ साली पती निखिल गेले. पुढच्याच वर्षी, हरिभाऊ जावळे खासदार असताना, लोकसभेची उमेदवारी रक्षाताईंना मिळाली. घराचं वजन नसतं तर मिळाली नसती. नवरा गेलेल्या विशीतल्या बाईच्या वाट्याला एरवी काय येतं, ते आपण रोज बघतोच.

पण पुढचं बघा. ऑक्टोबर २०२० मध्ये सासरे भाजप सोडून राष्ट्रवादीत गेले. नणंद रोहिणी वडिलांबरोबर गेल्या. सून भाजपातच राहिली. तेव्हा मी जी चर्चा ऐकली ती एकच : ही सासऱ्यांचीच चाल, दोन्ही डगरींवर पाय. बाईने आपला निर्णय आपण घेतला असेल, हे कुणाच्या तोंडून निघेना. मुलगा मागे राहिला असता तर त्याला ‘स्वतंत्र भूमिका’ म्हटलं असतं!

हे इथलंच नाही. वेल्सची पहिली स्त्री खासदार मेगन लॉईड जॉर्ज १९२९ साली निवडून आली. बाप ब्रिटनचा माजी पंतप्रधान. १९५५ साली बापाचा लिबरल पक्ष सोडून ती मजूर पक्षात गेली आणि १९५७ साली पुन्हा निवडून आली. तरी तिची ओळख आजही बापाच्या नावानेच सुरू होते.

म्हणून टाळ्या वाजवा असं मी म्हणत नाही. २०२४ साली रावेर, जळगाव, धुळे या तिन्ही ठिकाणी बायकाच खासदार झाल्या : रक्षा खडसे, स्मिता वाघ, डॉ. शोभा बच्छाव. रक्षाताई केंद्रात राज्यमंत्रीही झाल्या. तर मग विचारू या : केळीच्या बागेत राबणाऱ्या बाईच्या मजुरीचं काय? विधवेचं नाव सातबाऱ्यावर लागण्याचं काय? हेच प्रश्न घराण्यातल्या मुलालाही विचारू या, त्याला तर आपण कधीच विचारत नाही.

नुसतं घराणं पुरतं असंही नाही. रोहिणीताई मुक्ताईनगरातून २०१९ आणि २०२४, दोन्ही वेळा हरल्या. हाच मतदारसंघ एदलाबाद होता तेव्हा, १९६७ ते १९८५, जळगावच्या वकील प्रतिभा पाटील इथून निवडून येत होत्या. आणि याच जिल्ह्यात विटनेरला १९८९ साली शेतकरी संघटनेच्या बायकांनी अख्खी ग्रामपंचायत ताब्यात घेतली होती. त्या कुणाच्या सुना होत्या? साध्या शेतकऱ्यांच्या.

२०२३ साली लोकसभा-विधानसभांत बायकांना एकतृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती झाली. त्या जागा लागू होतील तेव्हा पक्ष उमेदवार कुठे शोधतील? आपापल्या घरात. कारण आपल्याकडे नावंच तयार नसतील. गावात निम्म्या जागा बायकांच्या असूनही सरपंचबाईंच्या खुर्चीत नवरा बसलेला आपण चालवून घेतो. पुढच्या ग्रामपंचायत निवडणुकीआधी प्रत्येक गटाने आपल्यातल्या दोघींची नावं ठरवावीत. खर्चाची वर्गणी आणि सभेच्या दिवशी त्यांची पोरं कोण सांभाळणार, हेही त्याच बैठकीत.