डीसीए झालं, पुढे काय?

मध्य प्रदेशातल्या तुकईथड, खकनार, बुऱ्हाणपूर या पट्ट्यात ‘कॉम्प्युटर शिकणं’ म्हणजे बहुतेकांच्या लेखी डीसीए नाहीतर पीजीडीसीए हा डिप्लोमा. भोपाळच्या माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठाशी जोडलेल्या एखाद्या केंद्रात नाव घालायचं, पुढे सीपीसीटी ही सरकारी संगणक-टंकलेखन परीक्षा काढायची आणि कारकुनी भरतीच्या जाहिरातीकडे डोळे लावून बसायचं. मेळघाट ओलांडून महाराष्ट्रात उतरलं की डीसीएच्या जागी एमएस-सीआयटी येते, एवढाच फरक. पीजीडीसीएच्या अभ्यासक्रमात प्रोग्रॅमिंगही असतं. पण सगळ्यांची नजर प्रमाणपत्राच्या कागदावर असल्यामुळे ते परीक्षेपुरतं पाठ होतं आणि निकालाबरोबर विसरलं जातं.

अशा मुलामुलींच्या मोबाइलवर आता वेगळ्या जाहिराती येतात. बीए, बीकॉम चालेल. काही महिन्यांत डेव्हलपर व्हा. नोकरी लागल्यावर फी भरा.

ही शेवटची कल्पना अमेरिकेत आधीच वापरून झाली आहे. 2017 मध्ये सुरू झालेल्या लॅम्ब्डा स्कूलने शिकताना पैसे न घेता पुढच्या पगारातला हिस्सा घ्यायचं ठरवलं आणि 71 ते 86 टक्के विद्यार्थ्यांना नोकरी लागते अशी जाहिरात केली. एप्रिल 2024 मध्ये तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने या संस्थेवर कारवाई केली. संस्थेच्या स्वतःच्या नोंदींत हे प्रमाण 50 टक्क्यांच्या आसपास होतं, काही तुकड्यांत तर 30 टक्क्यांपर्यंत घसरलं होतं. ‘हे कर्ज नाही’ असं सांगून विद्यार्थ्यांच्या सह्या घेतल्या होत्या, ते कर्जच निघालं. तेव्हा क्लासवाल्याला पहिला प्रश्न विचारावा तो मागच्या तुकडीचा: किती जण बसले, किती जणांना काम मिळालं, कुठे, किती पगारावर? उत्तर गुळमुळीत आलं तर सरळ घरी यावं.

मग बिगर-तांत्रिक माणसाने कोडिंगच्या वाटेला जाऊच नये का? जावं. पण दादासाहेब भगत यांच्यासारखं. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला हा शेतकऱ्याचा मुलगा, दहावीनंतर आयटीआय. पुण्यात इन्फोसिसच्या गेस्ट हाउसमध्ये महिना नऊ हजारांवर पडेल ते काम करायचे. तिथे संगणकावरची माणसं पाहून ते ॲनिमेशन शिकले आणि त्यात नोकरीला लागले. पायथन, सी++ हे सगळं त्यानंतर, हैदराबादला. तेच डिझाइन पुन्हा पुन्हा करण्यात किती वेळ जातो, हे रोज पाहिल्यावर तयार टेम्प्लेटचं भांडार उभारावं असं त्यांना वाटलं. लॉकडाउनमध्ये ते गावी परतले आणि गोठ्यात संगणक मांडले, कारण 4जीची रेंज तिथे बरी मिळत होती. 2024 मध्ये ‘शार्क टँक इंडिया’ या टीव्ही कार्यक्रमात गुंतवणूकदार अमन गुप्ता यांनी त्यांच्या डूग्राफिक्स या टेम्प्लेटच्या कंपनीत दहा टक्क्यांसाठी एक कोटी रुपये घालायचं कबूल केलं.

या गोष्टीतला एक कोटीचा आकडाच सगळ्यांच्या लक्षात राहतो. खरं तर क्रम लक्षात राहायला हवा. आधी काम, मग त्या कामातली अडचण, आणि तिच्यापाठोपाठ कोड.

हा क्रम आज जास्तच महत्त्वाचा झाला आहे. साधा कोड एआय लिहून देतं. टीसीएससारख्या कंपनीने 2025 मध्ये बारा हजारांवर माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. नुसता कोड येणाऱ्या नवख्यासाठी दार पूर्वीइतकं उघडं नाही. पण केळीच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिणाऱ्या बीकॉमला काट्यावरचं वजन, कटती, गाडीभाडं आणि उधारी कशी गुंतते ते ठाऊक असतं. त्याने पायथन शिकून त्या वह्यांचा मेळ घालून दाखवला, तर व्यापारी त्याला सर्टिफिकेट मागणार नाही. शाळेतली शिक्षिका, औषध दुकानातला मुलगा, यंत्रमागाचा मुकादम, सगळ्यांजवळ असं काही ना काही असतं.

शिकायला पैसे लागतातच असंही नाही. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे छोटे धडे फुकट आहेत, मराठी आणि हिंदी आवाजातही आहेत. एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालतात. अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर आपलं काम. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या कॉलेजांनी आपली संगणक खोली संध्याकाळी दोन तास नोकरदारांसाठी उघडी ठेवली, तर एवढ्यावरही सुरुवात होईल. विजेचं बिल वाढेल. ते कॉलेजच्या जनभागीदारी समितीने भरावं.