एका वस्तूची दोन तापमानं

मंडळी, आज जरा विज्ञान. मी मराठी माध्यमातला बी.ए., त्यामुळे समीकरणं नाहीत, घाबरू नका!

वस्तूला एका जागी एकच तापमान, असं शाळेत शिकवतात. रोजच्या व्यवहाराला ते पुरतं. पण सोन्याच्या अतिपातळ पापुद्र्यावर १०० फेम्टोसेकंदांचा लेझर झोत टाकला, की तिथे क्षणभर दोन तापमानं नांदतात. (एका सेकंदात फेम्टोसेकंद किती? ३ कोटी १७ लाख वर्षांत जितके सेकंद, साधारण तितके!)

प्रकाशाची ऊर्जा आधी इलेक्ट्रॉन घेतात. त्यांना तापायला थोडीच उष्णता लागते, म्हणून ते हजारो अंशांवर जातात. जड अणू मात्र तेव्हा गारच. आमच्या महालक्ष्मीची जत्रा आठवा. पोरं बेभान धावताहेत, मांडवाचे खांब जागच्या जागी. पण धक्के लागत राहिले की खांबही थरथरू लागतात. तशीच इलेक्ट्रॉनांची ऊर्जा अणूंकडे जाते आणि काही पिकोसेकंदांत दोघांचं तापमान एक होतं. पापुद्रा पातळ असेल, तर तोवर इलेक्ट्रॉन पलीकडच्या बाजूला पोचलेलेही असतात.

याचा उपयोग काय? उष्णता आजूबाजूला पसरायच्या आत काम उरकतं, म्हणून अशा लेझरने हृदयासाठीचे नाजूक स्टेंट सफाईने कापता येतात.

हे फक्त परदेशातच चालतं असं नाही बरं का. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार आणि सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवलं, की तांब्यावर तांब्याच्याच नॅनोकणांचा थर दिला तर तीव्र लेझरची ऊर्जा जास्त शोषली जाते आणि क्ष-किरणही कितीतरी जास्त मिळतात. तिथे झोत इतका तीव्र, की धातूचा प्लाझ्माच होतो. पण ऊर्जा आधी घेणारे तिथेही इलेक्ट्रॉनच.

कुलाबा चारोटी नाक्यापासून हायवेने तीनेक तासांवर. तरी "आपल्या पोरांना हे झेपायचं नाही" असं इथे सर्रास ऐकू येतं. मला ते अजिबात पटत नाही. जत्रा बघितलेल्या पोराला हे दहा मिनिटांत कळतं. अडतं ते फक्त त्याच्या भाषेत कुणी सांगत नाही म्हणून. इलेक्ट्रॉन, लेझर हे शब्द तसेच राहू देत, वाक्य मात्र मराठी हवं. दहावीच्या वर्गात उष्णतेचा धडा संपल्यावर एवढं सांगितलं, तर पोर पुढचा प्रश्न स्वतः विचारेल. तिथूनच शिक्षण सुरू होतं.

असो. घरात नववी-दहावीचं कुणी असेल, तर आज जेवताना सांगून बघा.