जादा तास आणि दुप्पट दाम

गावच्या दप्तरात काय लिहिले जाते हे आमच्या बापजाद्यांस वाचता येत नव्हते. म्हणून कसणारा एक आणि खातेदार दुसरा असे पुष्कळ ठिकाणी झाले. आज त्याच शेतकऱ्या-कारागिरांची मुले अंधेरी-मरोळच्या कारखान्यांत, साकीनाक्याच्या गाळ्यांत, घाटकोपर-मुलुंडच्या वर्कशॉपांत आणि बोरिवलीच्या दुकानांत राबत आहेत. दप्तराच्या जागी हजेरीबुक आले. ते लिहितो कोण आणि वाचतो कोण, हा प्रश्न मात्र जुनाच आहे. जादा कामाचे नियम बदलत असता त्याविषयी दोन शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२, आणि वीस किंवा अधिक नोकरांच्या दुकानांत ९ वरून १० तास करण्यास मंजुरी दिली. तीन महिन्यांतील जादा तासांची मर्यादा कारखान्यांत ११५ आणि दुकानांत १२५ होती. ती दोन्हीकडे १४४ ठरविण्यात आली. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. मालक मंडळींनी यातून 'बारा तास' एवढेच ऐकले. त्यापुढचे ऐकले नाही.

पुढचे असे आहे. आठवड्याचे तास ४८ च आहेत. रोज १२ तासांप्रमाणे सहा दिवस काम घेतले तर आठवड्यास ७२ तास, म्हणजे २४ तास जादा होतात. या हिशेबाने १४४ तास सहा आठवड्यांतच संपतात. सातव्या आठवड्यापासून जे काम घेतले जाईल ते बेकायदा. शिवाय जादा काम मजुराच्या संमतीनेच घेता येते आणि त्याचा दाम दुप्पट द्यावा लागतो. ज्याच्या एका तासाचे वेतन ८० रुपये, त्याच्या जादा तासाचे १६०. भत्त्यांच्या नावाखाली मूळ वेतन लहान दाखविण्याची युक्तीही पूर्वीसारखी चालणार नाही. असे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते.

गाळ्यांचे मालक पुष्कळदा आमच्यापैकीच, कालचे कारागीर आहेत. त्यांची अडचण आम्ही जाणतो. बडा व्यापारी माल उद्या मागतो आणि पैसे तीन महिन्यांनी देतो. पण त्याचा भार मजुराच्या पाठीवर टाकणे हा न्याय नव्हे. जादा तास महाग ठेवण्यात हेतूच हा आहे की, काम नेहमीच वाढते असेल तर मालकाने आणखी एक माणूस ठेवावा. 'आमच्याकडे वीस माणसे नाहीत, आम्हांस कायदा नाही,' असे म्हणणाऱ्यांनीही सावध असावे. कारखान्याची व्याख्या वीस माणसांवर गेली हे खरे. परंतु ज्या कामाचे किमान वेतन ठरले आहे, त्यास वेतनसंहितेचा दुप्पट दर लागू आहे. तेथे माणसांची मोजदाद नाही. कमी वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याचा बोजा मालकावर आहे. ज्याची वही चोख, त्यास भिण्याचे कारण नाही.

आता मजूर बंधूंस सांगणे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला, तेव्हा मजुराचा दिवस सूर्याच्या उगवण्या-मावळण्यावर मोजला जाई. रविवारची सुट्टी मिळावयास १८९० साल उजाडले. ती सही मागण्यासाठी होती. आज तुमच्याकडून सही घेतली जाईल ती देण्यासाठी. पोट हातावर असलेल्याची संमती कितपत मोकळी असते, हे सरकारने ओळखले पाहिजे आणि तपासनीसाने गाळ्यात येऊन पाहिले पाहिजे. बारा तास काम, वर विरार-टिटवाळ्याहून लोकलचे दोन-तीन तास, मग लेकरांचे तोंड केव्हा पाहावयाचे?

तोवर एवढे करा. कोऱ्या कागदावर सही करू नका. आल्या-गेल्याची वेळ रोज आपल्या वहीत टिपा. वेतनचिठ्ठी मागून घ्या व जपून ठेवा. घरात शिकलेली मुलगी असेल तर महिनाअखेरीस तिच्याकडून हिशेब तपासून घ्या. जोतीरावांनी विद्येचा आग्रह धरला तो याचसाठी. दुसऱ्याच्या दप्तरावर विसंबून आमचे शेत गेले. आता घामाचे तास तरी जाऊ देऊ नका.