चकलीचा उपास

फोन उचलला की आपला पहिला प्रश्न असतो, ‘जेवलीस का?’ साताऱ्याहून आई मला विचारते, मी कॉलेजच्या हॉस्टेलवर राहणाऱ्या थोरल्याला विचारते. गेले तीन-साडेतीन महिने मात्र आईचा प्रश्न बदललाय. ‘अगं, चकली जेवली का?’

चकली म्हणजे माझ्या धाकट्या लेकीचा साप. बॉल पायथन. आम्ही टेक्सासमध्ये ऑस्टिनला राहतो. इथे हा साप पाळायला मुभा आहे. मूळचा तो पश्चिम आफ्रिकेतला, घाना-टोगो-बेनिनकडचा. बिनविषारी. घाबरला की डोकं मध्ये घालून स्वतःचा गोळा करून बसतो. चार वर्षांपूर्वी लेकीने आणला तेव्हा आई इथेच होती. ते वेटोळं बघून नाव तिनेच ठेवलं. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की चकली नर आहे. पण नाव बदललं नाही आणि आम्ही अजूनही ‘ती’च म्हणतो.

तर ही चकली ऐन दिवाळीत जेवायची थांबली. आज पंधरा आठवडे झाले.

पहिले चार आठवडे कुणी मनावर घेतलं नाही. मग सल्ले सुरू झाले. दृष्ट काढा, असं आईने फोनवर सांगितलं (अर्धं थट्टेत, अर्धं खरंच). दुकानातला मुलगा म्हणाला, जिवंत उंदीर सोडा, आपोआप खाईल. लेकीच्या एका मैत्रिणीने उंदीर कोंबडीच्या सूपमध्ये बुडवून द्यायला सांगितलं. आणि एकाने छातीठोकपणे सांगितलं, तोंड उघडून भरवा, दुसरा इलाज नाही. इकडे माझी सतरा वर्षांची घोडी काचेच्या पेटीसमोर बसून डोळे पुसत विचारते, “आई, मी तिला आवडत नाही का गं?”

मैत्रिणींनो, हा प्रश्न ऐकला आणि माझं टाळकंच सरकलं. लेकीवर नव्हे हो! तिला हे शिकवलं कुणी, याचा राग आला. ज्या हातचं कुणी खात नाही त्या हातातच काहीतरी कमी आहे, हे आपल्या पोरींना इतक्या लवकर कसं कळतं? बाळाने वाटीतली पेज ठेवली तर घरातले वाटीकडे बघत नाहीत, आईकडे बघतात. पाहुणा नको म्हणाला तर स्वयंपाक बिघडला. हे सगळं आपण सोसलंय. पण आता ते एका सापाच्या बाबतीतही? त्या बिचाऱ्याला लेकीच्या हाताची चव कळायला तो काही मोदक खात नाही.

सापाचं गणितच निराळं आहे. आपल्या खाण्यातला मोठा वाटा अंग गरम ठेवण्यात खर्च होतो. साप ती ऊब बाहेरून घेतो, म्हणून त्याला फार थोडं पुरतं. मोठा बॉल पायथन धडधाकट असताना सुद्धा आठवड्या-दोन आठवड्यांनी एकदा जेवतो. नर हिवाळ्यात, त्यांच्या विणीच्या दिवसांत, महिनोन् महिने तोंड लावत नाहीत. जवळपास मादी नसली तरी! मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून दोनेक महिने बसते, तेव्हा तीही बहुधा खात नाही. त्यांचं शरीरच उपास आणि मेजवानी अशा पाळ्यांसाठी घडलंय. ब्रह्मदेशी अजगरावर २००५ साली ‘नेचर’मध्ये एक संशोधन प्रसिद्ध झालं. मोठं भक्ष्य गिळल्यावर दोन दिवसांत त्याच्या हृदयाचा स्नायू ४० टक्क्यांनी वाढल्याचं त्यात दिसलं. आपल्या ‘दोन घास तरी खा’ला इथे काय अर्थ आहे, तुम्हीच सांगा.

एक मात्र सांगून ठेवते. हा हिशेब माणसाच्या पोराला लावायचा नाही. मूल चार दिवस नीट खात नसेल तर डॉक्टरांकडे न्यायचं, सापाचा दाखला देत बसायचं नाही.

आणि सापाच्या बाबतीतही स्वस्थ बसणं म्हणजे दुर्लक्ष करणं नव्हे. बघायचं ते त्याच्या घराकडे. पेटीची एक बाजू ३१-३२ अंश सेल्सिअस गरम हवी आणि दुसरी २५-२६. ऊब कमी पडली तर अन्न पचत नाही, मग तो खाणार कसा? हवेत ओल हवी. दोन्ही बाजूंना अंग चोरून शिरता येईल अशी लपायची जागा हवी, कारण उघड्यावर बसलेला बॉल पायथन भेदरलेलाच असतो. डोळे दुधाळ दिसायला लागले की कात टाकायची वेळ आली असं समजायचं, तेव्हाही तो खात नाही. नवीन घरात आणला असेल तर पहिले काही दिवस त्याला हातसुद्धा लावायचा नाही. पण पोरांना तर येणाऱ्या-जाणाऱ्याला तो गळ्यात घालून दाखवायचा असतो ना!

बाकी काम वजनकाट्याचं. आमच्याकडे त्यासाठी वेगळा काटा आणलाय, कणकेचा नव्हे, घाबरू नका. दिवाळीत चकली १४२० ग्रॅम होती, परवा १३६५ भरली. पंधरा आठवड्यांत ५५ ग्रॅम, म्हणजे चार टक्क्यांच्या आतच. वजन दहा टक्क्यांनी उतरलं, श्वासाला घरघर लागली, तोंडातून चिकट फेस आला, तर मात्र सापाचं कळणाऱ्या डॉक्टरांकडे तातडीने न्यायचं.

जिवंत उंदीर पेटीत सोडून द्यायला माझा सक्त विरोध आहे. भूक नसलेला साप उंदराकडे बघत नाही, पण घाबरलेला उंदीर सापाला कुरतडतो. आमच्याकडे गोठवलेला उंदीर येतो. तो गरम पाण्यात पिशवीसकट कोमट करायचा, चिमट्याने पुढे धरायचा. (गणपतीचं वाहन बर्फात बघून आईने हाय खाल्ली होती, म्हणून गॅरेजमध्ये छोटा वेगळा फ्रीझर आला.) घेतला नाही तर रात्रभर अंधारात ठेवायचा, सकाळी टाकून द्यायचा. मग दहा-बारा दिवस विषय बंद. रोज-रोज नाकाशी नाचवला तर साप आणखीच बिथरतो. आणि तोंड उघडून भरवणं हा घरगुती इलाज नाहीच. दात मोडतात, घशाला इजा होते, गिळलेलं तो ओकून टाकतो. वेळ आलीच तर ते डॉक्टरांचं काम.

आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? नागपंचमीला गारुडी टोपली घेऊन दारात यायचा आणि आपण नागापुढे दुधाची वाटी ठेवायचो. साप दूध पीत नाही, त्याला ते पचत नाही. त्याला आधी दिवसेंदिवस पाण्यावाचून ठेवलेलं असे, म्हणून समोर येईल ते तो प्यायचा. नाग दूध प्यायला याचा आनंद बायाबापड्यांना. नागाचं पुढे काय व्हायचं, ते टोपली उचलून नेणाऱ्यालाच ठाऊक.

पुण्या-मुंबईच्या घरांतही आता हे परदेशी साप येऊ लागलेत, म्हणून हे लिहिते आहे. आपल्याकडचे साप घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी प्राण्याचीही २०२४च्या नियमांनुसार सरकारदरबारी नोंद करावी लागते. तेराव्या वर्षी पोरगं हट्ट धरतं, आपण वाढदिवसाला हो म्हणतो. पण हे जनावर वीस-तीस वर्षं जगतं. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आलेल्या एका मादीने २०२० साली अंडी घातली! तोवर हट्ट धरणारं पोर आजोबा झालेलं असेल. माझं विचाराल तर, महिनोन् महिने न जेवणारा जीव घरात शांतपणे बघवणार नसेल तर तो आणूच नये. त्याची उपासमार करणाऱ्यांपेक्षा त्याला प्रेमाने कोंबणारे जास्त.

माझी लेक येत्या ऑगस्टमध्ये कॉलेजला जाईल. साप हॉस्टेलवर चालत नाही. म्हणजे चिमटा, काटा आणि फ्रीझर, तिन्ही माझ्याकडे येणार. गेले दोन रविवार वजन मीच करते आहे, हात बसावा म्हणून. चकली डब्यात नीट गोळा होऊन बसते, काही त्रास देत नाही. लेकीचं रडणं थांबलंय. वहीत तिने आकड्यांच्या पुढे एक रकाना वाढवलाय, त्यात माझ्यासाठी सूचना असतात. परवाची सूचना अशी: ‘आजीला सांग, जेवली नाही, पण बरी आहे.’