थट्टेमागची सत्ता

आयरिश माणूस म्हणजे आळशी, दारुडा आणि भांडखोर, हे इंग्रजी विनोदाचे जुने भांडवल आहे. थट्टाच ती, तिने कोणाचे काय बिघडते, असे सुसंस्कृत माणसेही विचारतात. इतिहासाने त्याचे उत्तर केव्हाच दिले आहे.

१८४५ मध्ये आयर्लंडातील बटाट्याच्या पिकावर रोग पडला. पुढील सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व साथींनी मेली. दहा लाखांहून अधिकांनी देश सोडला. त्याच काळात तेथील धान्य आणि गुरे इंग्लंडला जातच होती. कुळे जमीनदारांच्या खंडाखाली पिचलेली होती. परंतु लंडनच्या कोषागारातील अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेल्यन याला खरा दोष दिसला तो आयरिश स्वभावात! मदतीने हे लोक अधिकच ऐदी होतील, या सबबीखाली सरकारने हात आखडता घेतला. शोषणाची फळे हाच शोषितांचा स्वभाव ठरला. हाच ट्रेव्हेल्यन १८६२ मध्ये हिंदुस्थान सरकारचा अर्थसदस्य झाला. ‘आळशी नेटिव्ह’ ही शिवी ऐकलेल्या समाजाला अधिक सांगावयास नको.

आजच्या समृद्ध आयर्लंडला ही थट्टा पूर्वीइतकी बोचत नसेल. पण ती निरुपद्रवी होती म्हणून नव्हे. १९२२ मध्ये बहुतेक आयर्लंड स्वतंत्र झाला आणि थट्टेमागची सत्ता सरली, म्हणून. ज्याच्या हाती भाकरी आहे त्याने उपाशी माणसाच्या स्वभावाला हसणे हा विनोद नव्हे. ती शोषणाची कैफियत होय.